सॉर्न केलेली गाडी, प्रायव्हेट रोड आणि दंडाचं पत्र

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय, कारण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच प्रश्न परत परत येतो आणि दर वेळी उत्तरं इतकी उलटसुलट येतात की विचारणारा शेवटी कंटाळून गुमान पैसे भरून मोकळा होतो. प्रश्न साधा आहे. गाडीचा टॅक्स भरलेला नाही, गाडी प्रायव्हेट रोडवर उभी आहे, कोणी चालवत नाहीये, तरी डीव्हीएलएचं, म्हणजे गाड्यांची नोंदणी आणि टॅक्स बघणाऱ्या सरकारी खात्याचं, दंडाचं पत्र आलं, तर भरायचा की भांडायचं?

एक जण म्हणतो प्रायव्हेट रोड आहे ना, मग त्यांचा काय संबंध, पत्र फाडून टाक. दुसरा म्हणतो सरकारी दंड आहे, वाद घालू नकोस. दोघंही चूक. गाडी सॉर्न केली होती का, हे आधी विचारायला पाहिजे, आणि ते कोणीच विचारत नाही.

ज्यांना सॉर्न म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी रस्त्यावरून काढून ठेवलीये, सध्या वापरत नाही, म्हणून टॅक्स भरणार नाही असं सरकारला कळवायचं, त्याला सॉर्न म्हणतात. 1998 पासून ही पद्धत आहे. ऑनलाइन होतं, फुकट होतं, टॅक्सचे जेवढे पूर्ण महिने शिल्लक असतील तेवढे पैसे परत मिळतात. पूर्वी दर वर्षी नव्याने करावं लागायचं, 2013 च्या शेवटापासून एकदा केलं की गाडीचा टॅक्स परत भरेपर्यंत किंवा ती विकेपर्यंत, भंगारात जाईपर्यंत चालतं. फक्त सेकंडहँड गाडी घेताना लक्षात ठेवा, आधीच्या माणसाने केलेलं सॉर्न तुमच्याकडे येत नाही, तुम्हाला तुमच्या नावाने परत करावं लागतं. टॅक्सचंही तसंच, ऑक्टोबर 2014 मध्ये काचेवर लावायची ती कागदी चकती बंद झाली तेव्हापासून टॅक्सही गाडीबरोबर येत नाही.

आता कायदा. वाहनांच्या टॅक्सचा इथला मूळ कायदा 1994 चा. त्यात पूर्वी असं होतं की टॅक्स न भरलेली गाडी पब्लिक रोडवर चालवणं किंवा ठेवणं हा गुन्हा. म्हणजे गाडी प्रायव्हेट जागेत असेल तर तो गुन्हा लागूच व्हायचा नाही, आणि लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. पण 2008 च्या फायनान्स अ‍ॅक्टने त्यातले ‘पब्लिक रोडवर’ हे शब्दच काढून टाकले. त्यामुळे आज टॅक्स नाही आणि सॉर्नही नाही अशी गाडी कुठेही असो, प्रायव्हेट रोडवर, घरामागच्या गॅरेजमध्ये, शेतात, गुन्हा होतोच. शिवाय गाडी कुठे उभी आहे हे न बघताच नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याला 80 पौंडांचं पत्र आपोआप येतं, लवकर भरलं तर 40. तिथे प्रायव्हेट रोड म्हणून भांडण्यात काहीच अर्थ नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण त्या वादात लोक सवलतीची मुदत घालवून बसतात.

मात्र सॉर्न केलेलं असेल तर सगळं चित्र बदलतं. सॉर्न केलेली गाडी पब्लिक रोडवर नसेल तर गुन्हाच नाही, ही सूट त्याच कायद्यात आहे. आणि इथे ‘पब्लिक रोड’ म्हणजे नेमकं काय यावर सगळं अवलंबून आहे. आपण समजतो पब्लिक रोड म्हणजे जिथून कोणीही येऊ-जाऊ शकतं तो. टॅक्सच्या कायद्यात तसं नाहीये. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याची व्याख्या एवढीच आहे की ज्या रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो तो. रस्त्याला नाव आहे का, पोस्टमन येतो का, गेट आहे का, यातल्या कशालाच महत्त्व नाही. खड्डा पडला तर तो बुजवायची जबाबदारी कोणाची, एवढंच बघायचं.

आमच्या बाबतीत हेच झालं. बायकोचं काम घरून सुरू झालं, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून विचार करायला वेळ मिळावा यासाठी ती सॉर्न करून आमच्या इस्टेटच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, आतल्या भागात आमच्या ठरलेल्या जागेवर लावून ठेवली. सॉर्नची ईमेल आली, उरलेल्या महिन्यांचे पैसेही खात्यात परत आले. आणि मग काही महिन्यांनी पत्र. तुमची सॉर्न असलेली गाडी अमुक तारखेला अमुक रस्त्यावर आढळली, कोर्टाबाहेर मिटवायचं असेल तर एवढी रक्कम भरा, नाहीतर खटला.

ती रक्कम कशी येते ते सांगतो. गाडी सॉर्न असताना रस्त्यावर सापडली तर 30 पौंड अधिक थकलेल्या टॅक्सच्या दुप्पट. सॉर्न नसेल तर 30 अधिक दीडपट. 2025-26 चा साधा दर वर्षाला 195 पौंड होता, म्हणजे सहा महिने थकले असं धरलं तर साडेसत्त्याण्णवची दुप्पट 195, वर 30, झाले 225. कोर्टात गेलं तर सॉर्नच्या गाडीसाठी कमाल 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले की कोणाच्याही पोटात गोळा येतो. बायको म्हणाली, "अरे, भरून टाक ना. दोन-सव्वादोनशे पौंडांसाठी कोर्टाची भाषा कशाला घरात?" मी म्हटलं, "अगं, पण तो रस्ता त्यांचा नाहीच आहे, त्याचे पैसे आपण भरतो दर वर्षी."

आणि हे खरंच आहे. इथल्या नव्या वसाहती ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल. बिल्डर घरं बांधतो, रस्ते बांधतो, पण ते रस्ते कौन्सिल ताब्यात घेतेच असं नाही. मग मॅनेजमेंट कंपनी नेमली जाते आणि रस्ता, दिवे, गवत, गटारं याचा खर्च घरटी वसूल होतो, शिवाय कौन्सिल टॅक्स पूर्णच. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये घरबांधणीवर जो अहवाल दिला त्यात आलंय की 2021-22 मध्ये सगळ्यात मोठ्या 11 बिल्डरांनी विकलेल्या नव्या घरांपैकी 80 टक्के घरांवर असा इस्टेटचा खर्च लागू आहे. म्हणजे नवं घर घेतलेल्या आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या दारातला रस्ता टॅक्सच्या कायद्याप्रमाणे पब्लिक रोड नाहीच, आणि त्यांना ते माहीतही नाही. रस्त्याच्या दुरुस्तीला पैसे आम्ही द्यायचे आणि तोच रस्ता सार्वजनिक म्हणून दंडही आम्हीच भरायचा, हे मला अजिबात पटलं नाही, आजही पटत नाही.

मी सगळ्यात आधी पुरावा मागवला. त्यात एक फोटो होता. गाडीचा मागचा भाग, नंबर प्लेट, मागचं एक चाक, आणि जागा म्हणून फक्त रस्त्याचं नाव. आता आमच्या रस्त्याची गंमत अशी की मुख्य रस्त्यापासून आत येताना पहिला तुकडा कौन्सिलचा आहे आणि पुढचा मॅनेजमेंट कंपनीचा, पण दोन्हीला नाव एकच. जिथे काळं डांबर संपतं तिथे आडव्या विटांची एक ओळ आहे आणि तिच्या पलीकडे सगळी लाल-करड्या ठोकळ्यांची फरशी. फोटो मोठा करून बघितला तर चाकाखाली ते ठोकळे स्वच्छ दिसत होते, डांबराचा मागमूस नाही. फोटो काढणाऱ्याने रस्त्याच्या पाटीवरचं नाव लिहिलं आणि ऑफिसात बसलेल्याने ते नाव यादीत बघून पब्लिक म्हणून टाकलं, असं झालं असावं. पण "माझ्या फोटोत ठोकळे आहेत" असं म्हणून कोणी ऐकत नाही, त्यासाठी कौन्सिलचा कागद लागतो.

एका मित्राने सल्ला दिला की लँड रजिस्ट्रीतून त्या जागेचा उतारा काढ, 7 पौंडात मिळतो, त्यावर मालक म्हणून मॅनेजमेंट कंपनीचं नाव असेल. सातबाऱ्यासारखाच कागद तो, आपल्याला वाटतं मालकी सिद्ध झाली की संपलं. पण इथे मालकीने प्रश्न सुटत नाही. खाली जमीन खासगी माणसाची आणि वरचा रस्ता सांभाळायची जबाबदारी मात्र कौन्सिलची, असे रस्ते या देशात ढिगाने आहेत, आणि ते टॅक्सच्या दृष्टीने पब्लिकच धरले जातात. त्यामुळे उतारा जोडायला हरकत नाही, पण केस त्यावर उभी करू नका.

उपयोगी पडते ती कौन्सिलची यादी. 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 36 प्रमाणे प्रत्येक हायवे अथॉरिटीला, म्हणजे बहुतेक ठिकाणी काउंटी किंवा युनिटरी कौन्सिलला, सार्वजनिक खर्चाने सांभाळायच्या रस्त्यांची यादी ठेवावी लागते आणि ती कोणीही फुकट बघू शकतं. बऱ्याच कौन्सिलांनी ती नकाशावर रंगवून वेबसाइटवर टाकलीये. आमच्या नकाशात रंग अगदी त्या विटांच्या ओळीपाशीच थांबलेला. त्याची प्रिंट काढली, पण तेवढ्यावर न थांबता हायवे विभागाला ईमेल केली आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम विचारली, ती तुम्हीही विचारा: पत्रात जी तारीख दिलीये त्या तारखेला हा तुकडा सार्वजनिक खर्चाने सांभाळायचा होता का? नुसतं "आहे का" विचारलं तर उत्तर आजच्या दिवसाचं येतं आणि मग समोरचा म्हणू शकतो की त्या दिवशी वेगळं असेल. नकाशावर आपली जागा लाल रेघेने दाखवून पाठवली. हायवे विभागातल्या बाईंनी दोन ओळींचं उत्तर दिलं, त्या तारखेला नव्हता आणि आजही नाही, सोबत त्यांच्या नकाशाचा तुकडा. मला हवं होतं ते सगळं त्या दोन ओळींत होतं.

स्कॉटलंडमध्ये असाल तर तिथला कायदा वेगळा, 1984 चा रोड्स (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट, तिथेही कौन्सिल सार्वजनिक रस्त्यांची यादी ठेवते, विचारायची पद्धत तीच.

पत्र मी लहान लिहिलं. लोक तीन तीन पानं लिहितात, आमची परिस्थिती, गिअरबॉक्स, मुलाची शाळा, सगळं. त्याने मुद्दा बुडतो. मी लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा: या गाडीचं सॉर्न या तारखेपासून चालू आहे, पुष्टी सोबत. गाडी जिथे उभी होती तो भाग त्या दिवशी सार्वजनिक खर्चाने दुरुस्त होणारा रस्ता नव्हता, हायवे अथॉरिटीचं उत्तर आणि नकाशा सोबत. तुमच्याच फोटोत चाकाखाली जी फरशी दिसते ती फक्त त्याच भागात आहे, सीमेचा फोटो सोबत. म्हणून 1994 च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गुन्हा झालेला नाही, कृपया प्रकरण बंद करून तसं लेखी कळवा. बस. सगळ्या कागदांच्या प्रती पाठवायच्या, मूळ आपल्याकडे, आणि पोस्टाने पाठवलं तर पावती जपून.

एक लक्षात घ्या की पार्किंगच्या तिकिटाला जसं पुढे स्वतंत्र ट्रायब्युनल असतं तसं या दंडाला नसतं. खात्याने तुमचं म्हणणं मान्य केलं नाही तर पुढचा टप्पा मॅजिस्ट्रेट कोर्ट. हल्ली अशी प्रकरणं सिंगल जस्टिस प्रोसिजर नावाच्या पद्धतीने चालतात, एकच मॅजिस्ट्रेट कागद बघून निकाल देतो, कोणी हजर नसतं. त्याची नोटीस आली तर 21 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. गुन्हा मान्य नाही असं कळवलं की प्रकरण त्या पद्धतीतून बाहेर येतं आणि रीतसर सुनावणी लागते. उत्तरच दिलं नाही तर तुमच्या अपरोक्ष निकाल लागतो, म्हणून "पत्र फाडून टाक" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांच्यावर दंड येत नाही, ऐकणाऱ्यावर येतो. आणि खासगी पार्किंग कंपनीची जी पिवळी पाकिटं येतात ती बाब पूर्ण निराळी आहे, ती कराराची भानगड असते, दोन्हीचे सल्ले एकमेकांत मिसळू नका.

क्लॅम्पचंही, म्हणजे चाकाला लावतात त्या कुलपाचंही, तसंच. 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेत कोणीही उठून गाडीला क्लॅम्प लावू शकत नाही, तसा कायदा झाला. त्यावरून लोक समजतात की प्रायव्हेट रोडवर क्लॅम्प लागूच शकत नाही. ती बंदी खासगी माणसांवर आहे, टॅक्स नसलेल्या गाडीसाठी सरकारी अधिकार वेगळे आहेत. क्लॅम्प लागलाच तर सोडवायला 100 पौंड, गाडी उचलून नेली तर 200 आणि वर रोजचं भाडं, शिवाय टॅक्स भरल्याचं दाखवता आलं नाही तर कारसाठी 160 पौंड अनामत. सॉर्नची पुष्टी फोनमध्ये कायम ठेवा ती यासाठीही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं आणि वाचता वाचता सापडलं. टॅक्सच्या कायद्यात आमचा रस्ता पब्लिक रोड नाही. पण इन्शुरन्सचा कायदा वेगळा, 1988 चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट, आणि त्यात दुरुस्ती कोण करतं याला महत्त्व नाही, लोकांची ये-जा आहे का हे बघतात. आमच्या रस्त्याला गेट नाही, कोणीही आत येतं, कुत्री फिरवायला आजूबाजूचे सगळे येतात. म्हणजे एकच रस्ता एका कायद्याने पब्लिक रोड नाही आणि दुसऱ्या कायद्याने रस्ता आहे. आणि नुसती उभी गाडीसुद्धा इन्शुरन्सच्या कायद्यात ‘वापर’ धरली जाऊ शकते, एलियट विरुद्ध ग्रे म्हणून जुना निकाल आहे, त्यात गाडी चालूही होत नव्हती तरी वापर धरला गेला. सॉर्न केलं की इन्शुरन्स लागत नाही असं सगळे बिनधास्त सांगतात, ते बंद ड्राइव्हवे किंवा गॅरेजपुरतं ठीक आहे. उघड्या प्रायव्हेट रोडवर गाडी असेल तर इन्शुरन्स चालू ठेवा. आम्ही ठेवला होता, आणि सॉर्नवरून भांडताना दुसऱ्या बाजूने कोणाला बोट शिरकवायला जागा राहिली नाही.

भीतीबद्दलही बोलायला पाहिजे. आपल्यातले पुष्कळ लोक व्हिसावर आहेत, पत्रात खटला हा शब्द दिसला की हातपाय गळतात, वाटतं पैसे गेले तरी चालतील पण नावावर काही नको. मला ते पूर्ण समजतं. पण गुन्हा झालेलाच नसताना पैसे भरले की चूक कोणाच्या लक्षातच येत नाही, पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो निघतो आणि त्याला तेच पत्र जातं. आमच्याच इस्टेटमध्ये एका आजोबांनी याच जागेसाठी आधी दंड भरला होता, त्यांची गाडीही सॉर्न होती, त्यांना कोणी सांगितलंच नाही की कौन्सिलला विचारता येतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

आमचं प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं, एका परिच्छेदाचं, माफी वगैरे काही नाही. मी परत लिहिलं की या रस्त्याचा आतला भाग यादीत वेगळा दाखवा आणि नकाशा परत जोडला. त्याला उत्तर आलेलं नाही. आजोबांना मी त्यांचे कागद काढायला सांगितलेत, कौन्सिलचं तेच उत्तर त्यांच्या तारखेसाठी मागवलंय, पैसे परत मिळतात का ते विचारून बघणार आहोत.

आणि इस्टेटच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांसाठी तातडीचं. तिकडचा रस्ता त्याच हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 38 च्या करारात आहे, म्हणजे बिल्डर आणि कौन्सिलमध्ये ठरलंय की काम मनासारखं झालं की कौन्सिल तो ताब्यात घेणार. ज्या दिवशी घेईल त्या दिवसापासून तो पब्लिक रोड, आणि त्याची दवंडी कोणी दारोदार पिटत नाही. तिथे दोन सॉर्न गाड्या आणि एक कॅम्परव्हॅन उभी आहे. कायद्यात ‘कितीही थोडा वेळ’ गाडी ठेवली तरी ठेवली असंच धरतात, त्यामुळे चार दिवसांची मोकळीक वगैरे मिळेल अशा भरवशावर राहू नका. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी हायवे विभागाला आजच ईमेल टाका आणि ताब्यात घ्यायची तारीख विचारून ठेवा, कोणाला लिहायला अडचण असेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे मजकूर तयार आहे.